कोयनेचे ऋण

उन्हाळ्याच्या सुट्टीत महाबळेश्वरला गेलेली आपली कुटुंबे बहुधा जुन्या महाबळेश्वरातील पंचगंगेचे देऊळ पाहून येतात. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे पाणी तेथे दगडी गोमुखातून एकत्र पडताना दिसते. भाविक ते तीर्थ म्हणून ओंजळीत घेतात, प्रवासी छायाचित्र काढून पुढे जातात. पाचही नद्यांना एकाच पठाराने जन्म दिला हे खरे. परंतु त्यांच्या वाटा मात्र निराळ्या. सावित्री पश्चिमेचा कडा उतरून बाणकोटपाशी अरबी समुद्रास मिळते. कृष्णा वाईच्या वाटेने पूर्वेस जाते, वेण्णा तिला साताऱ्याजवळ माहुलीस भेटते, आणि हे पाणी शेकडो मैलांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास पोहोचते. राहिली कोयना. तिची वाट या सर्वांहून वेगळी आहे. आणि त्या वेगळेपणातच गेल्या शतकातील महाराष्ट्राच्या इतिहासाचे एक मोठे प्रकरण दडलेले आहे.

त्या प्रकरणाची उजळणी करावी असे आम्हांस वाटते, याचे कारण साधे आहे. आपल्या घरातील दिव्याचा एक धागा त्या नदीशी बांधलेला आहे, आणि तो दिवा लागावा म्हणून कोणी काय दिले, याचा हिशेब आपण क्वचितच करतो.

दोन रांगांमधील नदी

महाराष्ट्रातील नद्या साधारणतः पूर्वेस वाहतात किंवा पश्चिमेस. कोयना मात्र उगमापासून थेट दक्षिणेची वाट धरते. तिच्या उजव्या हाताला सह्याद्रीचा मुख्य कणा, डाव्या हाताला बामणोली-घेरादातेगडाची रांग. या दोन भिंतींच्या मधल्या अरुंद खोऱ्यातून ती सुमारे साठ-पासष्ट किलोमीटर वाहते. मग हेळवाकजवळ एखाद्याने खांद्याला धरून वळवावे तशी काटकोनात वळते आणि पाटणवरून कराडला येते. तेथे उत्तरेकडून येणारी कृष्णा आणि पश्चिमेकडून येणारी कोयना एकमेकींच्या समोर उभ्या ठाकतात आणि एकरूप होऊन आग्नेयेकडे निघतात. या संगमाला लोकांनी ‘प्रीतिसंगम’ असे गोड नाव दिले आहे. यशवंतराव चव्हाण यांची समाधी तेथेच आहे.

कोयनेची एकूण लांबी सुमारे १३० किलोमीटर. म्हणजे नद्यांच्या पंक्तीत ती लहानच. परंतु तिचे खोरे कड्याच्या अगदी पाठीशी आहे. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला धडकून वर चढतात, थंड होतात आणि कडा ओलांडताच आपले ओझे टाकून देतात. महाबळेश्वर आणि नवजा येथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणे ही नित्याची गोष्ट आहे. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुक्यात, किंवा सांगली जिल्ह्यातील आटपाडीत, पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तर शेतकरी देवाचे आभार मानतो. एका दिवसाच्या प्रवासात माणूस अतिवृष्टीच्या प्रदेशातून अवर्षणाच्या प्रदेशात जातो. ही विषमता निसर्गाने दिली. तिच्याशी माणसाने काय केले, हा पुढचा भाग.

या खोऱ्यात शतकानुशतके दाट जंगल होते. जावळीच्या मोऱ्यांचे राज्य याच रानाच्या आधाराने टिकले, आणि १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी ते घेतले तेव्हा त्यांच्या हाती जणू सह्याद्रीची किल्लीच आली. त्यानंतर तीनशे वर्षे खोरे आपल्या गतीने जगले. उतारावर नाचणी आणि वरी, नदीकाठी भात, रानात धनगरांची गुरे. पोट भरेना तेव्हा घरातील कर्ता मुलगा मुंबईची वाट धरी. पाटण आणि जावळी तालुक्यांतील किती तरी पुरुषांनी मुंबईच्या गिरण्यांत घाम गाळला, बंदरात आणि बाजारपेठांत पाठीवर ओझी वाहिली.

कड्याच्या काठावरचे स्वप्न

नदीचे पाणी कड्याच्या माथ्यावर सहाशे मीटर उंचीवर आहे, आणि मधला डोंगर ओलांडला की खाली कोकण आहे. डोंगर पोखरून ते पाणी पश्चिमेकडे सोडले तर ते जेवढ्या वेगाने कोसळेल, तेवढी वीज देईल. ही कल्पना नवी नव्हती. टाटांनी घाटमाथ्यावर तलाव बांधून खोपोली येथे १९१५ मध्ये, भिवपुरी येथे १९२२ मध्ये आणि भिरा येथे १९२७ मध्ये वीजनिर्मिती सुरू केली, ती याच तत्त्वावर. भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीचे खोरे बुडाले. तेथील मावळ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून सत्याग्रह केला. धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी संघटित होऊन दिलेला हा जगातील अगदी आरंभीचा लढा होय. लढा हरला, धरण झाले.

पहिल्या महायुद्धानंतर टाटांनी कोयनेचीही पाहणी केली होती. पैशाच्या टंचाईमुळे ते काम बाजूस पडले. स्वातंत्र्यानंतर सरकारने ते हाती घेतले. १९५३ मध्ये मंजुरी मिळाली, १९५४ मध्ये बांधकामास आरंभ झाला आणि १९६२ मध्ये पोफळीच्या भूमिगत केंद्रातून वीज वाहू लागली. देशमुखवाडीजवळ उभे राहिलेले धरण पायापासून १०३ मीटर उंच आणि सुमारे ८०० मीटर लांब आहे. त्याच्या मागे उत्तरेकडे तापोळ्यापर्यंत, सुमारे पन्नास किलोमीटर पसरलेला जलाशय म्हणजे शिवसागर. त्याची आजची साठवणक्षमता १०५.२५ अब्ज घनफूट आहे.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. सामान्यतः धरण नदीला थांबवते. कोयनेच्या धरणाने तिची दिशाच बदलली. जलाशयातील पाणी नवजाजवळून बोगद्यात शिरते, डोंगराच्या पोटातून जाते, सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पोफळीला कोसळते, पुढे कोळकेवाडीच्या धरणात अडवले जाऊन पुन्हा वीज देते आणि अखेर वाशिष्ठीत शिरून चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला मिळते. जे पाणी निसर्गतः बंगालच्या उपसागरास जायचे, त्यातील मोठा हिस्सा आता अरबी समुद्रास जातो. पुढे चौथा टप्पा आला. त्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी भरलेल्या जलाशयाच्या तळाखालून बोगदा नेऊन शेवटचा खडक सुरुंगाने उडवण्यात आला. आशियात अशा तऱ्हेचे ते पहिलेच काम मानले जाते. सर्व टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता आज १,९६० मेगावॅट आहे.

कोळशाच्या केंद्राची भट्टी मागणीप्रमाणे क्षणात पेटवता किंवा विझवता येत नाही. पाण्याचे चक्र काही मिनिटांत फिरू लागते. म्हणून राज्याची मागणी शिगेला पोहोचते तेव्हा, विशेषतः दिवेलागणीला, कोयनेला हाक मारली जाते. आपल्या घरांत संध्याकाळी रोझरीसाठी सारे एकत्र गुडघे टेकतात आणि खोलीतला दिवा लागतो, त्याच सुमारास डोंगराच्या पोटात कोयना कोसळत असते.

नाबोथाचा मळा

जुन्या करारातील राजांच्या पहिल्या पुस्तकात नाबोथाची कथा आहे. अहाब राजाला आपल्या वाड्यालगतचा नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. राजाने त्याला याहून चांगला मळा देऊ केला, नको असेल तर पैसे देऊ केले. राजाचा प्रस्ताव वरवर पाहता अन्यायाचा नव्हता. तरीही नाबोथाने नकार दिला, कारण ती जमीन त्याच्या वाडवडिलांचा वारसा होती. पुढे राणी ईजबेलने कपटाने त्याचा जीव घेतला, हे आपल्याला ठाऊक आहे.

शिवसागरात शंभराच्या आसपास गावांची जमीन गेली आणि हजारो कुटुंबे उठली. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशी ती विखुरली. स्वतंत्र भारताचे सरकार म्हणजे अहाब नव्हे, आणि धरण बांधणाऱ्यांच्या मनात कपट होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यांना राज्य उभे करायचे होते. धरण राजाच्या भाजीच्या बागेसाठी नव्हते, सर्वांसाठी होते. हा फरक मोठा आहे, तो आम्ही मानतो. परंतु नाबोथाचे उत्तर मात्र त्यामुळे खोटे ठरत नाही. जमिनीची किंमत मोजता येते, वारशाची येत नाही. डोंगरउतारावर नाचणी पिकवणाऱ्या माणसाला सोलापूरच्या कोरड्या काळ्या रानात नेऊन सोडले, तर तो केवळ घर बदलत नाही. त्याला आपले सारे शेतीचे ज्ञान नव्याने शिकावे लागते. ग्रामदैवत, स्मशान, सोयरीक, वाटा आणि पाणवठे यांची भरपाई कोणत्या कोष्टकात बसवायची?

शिवाय त्या काळी पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने जमीन घेता येत होती, पैसे देता येत होते. माणसाला पुन्हा उभे करण्याची जबाबदारी कायद्याने कोणावर नव्हती. महाराष्ट्राने तसा कायदा केला तो १९७६ मध्ये. कोयनेचे दिवे लागून तेव्हा चौदा वर्षे झाली होती. जे मागे राहिले त्यांचीही गत फार वेगळी नव्हती. जलाशयाच्या पश्चिमेकडील कांदाटी खोऱ्यातील गावे पाण्याने तोडली गेली. बाजार, शाळा, दवाखाना यांसाठी त्यांना लाँचची वाट पाहावी लागली. पुढे १९८५ मध्ये त्याच रानात अभयारण्य झाले आणि चराईवर व लाकूडफाट्यावर निर्बंध आले. २०१८ मध्ये, म्हणजे उठवल्यानंतर साठेक वर्षांनी, धरणग्रस्त कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते. मागणी जुनीच होती: आम्हांला देऊ केलेली जमीन द्या.

नाबोथाच्या कथेत अहाब एकटा होता, म्हणून एलिया संदेष्टा त्याच्यासमोर उभा राहून बोलू शकला. कोयनेच्या कथेत लाभ कोट्यवधी घरांत वाटला गेला आहे. त्यामुळे कोणालाच उत्तर द्यावेसे वाटत नाही. ही आपल्या काळातील अवघड गोष्ट आहे, आणि ती आपल्यालाही लागू आहे.

आगमनकाळातील पहाट

११ डिसेंबर १९६७. आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारनंतरचा सोमवार. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचे खोरे हादरले. ६.३ ते ६.५ रिश्टर इतक्या तीव्रतेच्या त्या भूकंपात पावणेदोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, दीड हजारांहून अधिक जखमी झाली आणि कोयनानगरातील बहुतेक घरे कोसळली किंवा खिळखिळी झाली. धक्का मुंबई, पुणे आणि गोव्यापर्यंत जाणवला. कोयनेची वीज थांबली आणि तिच्यावर विसंबलेल्या कारखान्यांची चाके थबकली. धरणाला तडे गेले, पण ते उभे राहिले. ते फुटते तर पाटणपासून सांगलीपर्यंतच्या नदीकाठाचे काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. पुढील वर्षांत धरणाला मागून आधार देऊन बळकट करण्यात आले.

दख्खनचे पठार हे जगातील अतिशय स्थिर भूभागांपैकी एक, असे तोपर्यंत मानले जाई. म्हणून हा धक्का शास्त्रज्ञांनाही हादरवणारा होता. जलाशयात पाणी साठू लागल्यापासूनच लहान लहान धक्के नोंदले जात होते. पाण्याच्या वजनाने आणि भेगांतून खोल झिरपणाऱ्या पाण्याच्या दाबाने, आधीच ताणलेला खडक सरकू शकतो, हे अभ्यासाअंती स्वीकारले गेले. धरण ताण निर्माण करत नाही. साठलेला ताण ते मोकळा करते. चीनमधील शिनफेंगकियांग, आफ्रिकेतील करिबा, ग्रीसमधील क्रेमास्टा येथेही १९६० च्या दशकात असेच घडले होते, परंतु कोयनेचा धक्का त्या सर्वांत मोठा. दक्षिणेकडील वारणेच्या धरणात १९८५ पासून पाणी भरू लागले आणि १९९३ पासून भूकंपाची केंद्रे तिकडेही सरकली. आज या प्रदेशात जमिनीत तीन किलोमीटर खोल छिद्र घेऊन, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या काळ्या पाषाणाच्या थराखालील प्राचीन खडकाचा अभ्यास केला गेला आहे. त्यासाठी कराडजवळ संशोधनशाळा उभी आहे.

इटलीतील एका घटनेचे येथे स्मरण होते. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री वायोंत धरणाच्या जलाशयात लगतच्या डोंगराची कड कोसळली. धरण शाबूत राहिले, पण त्यावरून उसळलेल्या लाटेने लोंगारोने गाव आणि आसपासच्या वस्त्या पुसून टाकल्या. सुमारे दोन हजार माणसे गेली. पिरागो येथील चर्चचा मनोरा तेवढा उभा राहिला. डोंगर सरकत आहे, असे तेथील गावकरी आधीपासून सांगत होते. आपल्याकडे जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर आणि मिरगाव येथे दरडी कोसळून घरे गाडली गेली, तेव्हा कारण निराळे होते, अतिवृष्टीचे. पण डोंगराजवळ राहणाऱ्या माणसाचे म्हणणे वेळीच ऐकावे, हा धडा एकच.

पाण्याचा न्याय

नदी वळवली की हक्काचे प्रश्न उभे राहतात. कृष्णेच्या पाण्यावर महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या तिन्ही राज्यांचा दावा होता. १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने १९७३ मध्ये निवाडा दिला आणि १९७६ मध्ये तो अंतिम झाला. महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० अब्ज घनफूट आले, आणि कोयनेतून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर पुढे ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा पडली. म्हणजे शिवसागर पूर्ण भरला तरी त्यातील जवळजवळ दोन तृतीयांश पाणी विजेसाठी, आणि उरलेले खाली कृष्णाकाठासाठी. दुष्काळाच्या वर्षी हा हिशेब फार टोचतो. एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला तहानलेले शेत.

वारणेची कथा याला पूरक आहे. सह्याद्रीत उगम पावून सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहत ती सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेस मिळते. तिच्यावरचे धरण खुजगावला व्हावे की चांदोलीला, यावर सांगली जिल्ह्यात वर्षानुवर्षे वाद झाला. राजारामबापू पाटील खुजगावच्या बाजूने, वसंतदादा पाटील चांदोलीच्या बाजूने. अखेर धरण चांदोलीस झाले, ३४.४० अब्ज घनफूट क्षमतेचे. कोणते पाणी कोणासाठी आणि कोणाच्या जमिनीवर, हा प्रश्न येथे निदान उघडपणे चर्चिला गेला. कोयनेच्या वेळी खोऱ्यातील माणसाला तो विचारलाच गेला नव्हता.

दुष्काळी पूर्वभागातील माणसांनी पुढे हाच प्रश्न उचलला. नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात आटपाडी परिसरात पाणी संघर्ष चळवळ उभी केली. त्यांचा शब्द होता ‘समन्यायी पाणीवाटप’. पाणी जमिनीच्या मापाने न देता कुटुंबाच्या गरजेने द्यावे आणि भूमिहीनालाही त्यात वाटा असावा, ही त्यांची मागणी. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा योजनांमुळे कृष्णेचे पाणी चढावर नेले जाते आणि त्यात कोयनेतून सोडलेल्या पाण्याचाही भाग असतो. ज्या तालुक्यांत पाण्याच्या टँकरची वाट पाहिली जाई, तेथे आता डाळिंब आणि द्राक्षे दिसतात. हा चळवळीचा विजय आहे. तथापि भूमिहीनाचा वाटा अजून कागदावरून शेतात उतरायचा आहे.

आणि मग पाणी अति झाले की काय? सांगलीच्या आयर्विन पुलावर, जो १९२९ मध्ये खुला झाला, ४५ फूट ही धोक्याची पातळी. २००५ मध्ये कृष्णा तेथे ५३ फुटांपुढे गेली, ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ फुटांवर. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी पुरातून सुटकेसाठी निघालेली बोट उलटली आणि अनेक ग्रामस्थ बुडाले. पुराला धरणेच कारण आहेत असे म्हणणे सोपे आहे, धरणांचा काहीच संबंध नाही असे म्हणणेही सोपे आहे. कोयनेत पाणी साठवावे तर पूर येण्याआधी जागा ठेवता येत नाही, जागा ठेवावी तर पाऊस न पडल्यास वीज आणि शेती दोन्ही जातात. हा तोल साधण्याचे काम यंत्राचे नाही, विवेकाचे आहे. नदीचे पात्र आक्रसून त्यात घरे आणि भराव घालणारे आपणच असतो, हेही विसरता येत नाही.

ऋण कसे फेडावे

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पिण्याचे सुरक्षित पाणी हा मूलभूत मानवी हक्क असल्याचे सांगितले आणि पृथ्वीचा आक्रोश व गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकण्याचे आवाहन केले. त्या परिपत्रकाचे नाव ज्यांच्या स्तोत्रावरून आले, ते असिसीचे संत फ्रान्सिस पाण्याला बहीण म्हणत. कोयनेकडे पाहताना आम्हांला हे नाते आठवते. बहिणीकडून आपण पुष्कळ घेतो, पण तिच्या सासरची विचारपूसही करायची असते.

धरण नको होते, असे आमचे म्हणणे नाही. कोयनेविना महाराष्ट्र अंधारात राहिला असता, आणि अंधारही गरिबालाच आधी गाठतो. आमचे म्हणणे एवढेच की, ज्यांनी खोरे दिले त्यांच्या त्यागाला आपण दान समजलो, वस्तुतः ते कर्ज होते. दान विसरले तर कृतघ्नता होते, कर्ज विसरले तर अन्याय होतो. कर्जाची वसुली मागायला ऋणको पुढे येत नाही, म्हणून धनकोला साठ वर्षांनी रस्त्यावर बसावे लागते.

आपल्या धर्मग्रामातून कोयना दिसत नाही. तरी एक गोष्ट सहज करता येईल. ११ डिसेंबर दरवर्षी आगमनकाळातच येतो. त्या दिवशीच्या मिस्सात, श्रद्धावंतांच्या प्रार्थनांत, १९६७ च्या पहाटे गेलेल्यांची आणि पाण्याखाली घरे गेलेल्यांची आठवण करावी. आगमनकाळ हा प्रकाशाची वाट पाहण्याचा काळ आहे. तो प्रकाश आपल्यापर्यंत येण्यासाठी कोणाच्या चुली विझल्या, हे वेदीसमोर एकदा म्हटले गेले, तर धरणग्रस्ताची मागणी पुन्हा वर्तमानपत्रात वाचताना आपण पान उलटणार नाही.